घटक ४ : अपेक्षा आणि निवड – विवाहजुळणीची भाषा आणि विदा

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला
• विवाहविषयक जाहिरातीच्या भाषेतील सूचितार्थ उलगडून दाखवता येईल.
• माणसाची सांगितलेली अपेक्षा आणि प्रत्यक्ष निवड यांतील अंतर उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• विदेच्या, म्हणजे नोंदवलेल्या माहितीच्या, मर्यादा सांगता येतील.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थिमित्रहो, लग्न जुळवण्याची भाषा आपण सर्वांनी ऐकली आहे. आपल्यापैकी अनेकांनी मुलाबाळांसाठी किंवा धाकट्या भावंडांसाठी ती वापरलीही असेल. कर्जत-खालापूर परिसरात घरातील मुलगी उपवर झाली की मामा, आत्या किंवा गावातील एखादा जाणता मध्यस्थ ‘स्थळ’ सुचवतो. ‘स्थळ’ म्हणजे मुळात जागा. पण येथे या एकाच शब्दाने व्यक्तीचा आणि तिच्या घराचाही निर्देश होतो. लग्न दोन घरांचे असते ही समजूत या शब्दात सामावलेली आहे.

मध्यस्थाचे काम पुढे वर्तमानपत्रांतील छोट्या जाहिरातींनी आणि १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून विवाहजुळणीच्या संकेतस्थळांनी वाटून घेतले. या बदलाने अभ्यासकाच्या हाती एक नवी गोष्ट आली. माणूस काय हवे म्हणतो आणि प्रत्यक्षात कोणाला प्रतिसाद देतो, या दोहोंची नोंद आता शेजारी शेजारी ठेवून पाहता येते.

४.२ जाहिरातीची भाषा

नमुन्यादाखल रचलेली पुढील जाहिरात वाचा :

‘कुणबी, २९, ५ फूट ८ इंच, बी.कॉम., मुंबईत नोकरी, स्वतःचे घर. वधू गोरी, सुशिक्षित, गृहकृत्यदक्ष हवी. नोकरी करणारी चालेल. अपेक्षा नाही.’

‘मुंबईत नोकरी, स्वतःचे घर’ हे शब्द लागोपाठ आल्यामुळे घरही मुंबईतच आहे असे वाचकाला वाटते. प्रत्यक्षात घर कर्जतला असून मुलगा रोज लोकलने जात-येत असेल, तरी जाहिरातीत एकही असत्य विधान नाही. भाषाविषयक तत्त्वचिंतक पॉल ग्राइस यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात अशा न उच्चारलेल्या, तरीही पोहोचणाऱ्या अर्थाची मीमांसा केली आहे. आपण त्याला ‘सूचितार्थ’ म्हणू.

‘चालेल’ या क्रियापदातून इच्छा व्यक्त होत नाही, सवलत व्यक्त होते. ‘अपेक्षा नाही’ हे वाक्य तर अपेक्षांची यादी संपल्यावर येते. येथे ‘अपेक्षा’ म्हणजे देण्याघेण्याची अपेक्षा, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. तसेच ‘जातीची अट नाही’ असे लिहून लगेच कंसात काही जातींसाठी ‘क्षमस्व’ म्हणणाऱ्या जाहिराती आपण पाहिल्या असतील. विधानाने उघडलेले दार कंसाने बंद केलेले असते.

४.३ सांगणे आणि निवडणे

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्याच्या ‘आनंदबाजार पत्रिका’ या बंगाली दैनिकातील विवाहविषयक जाहिरातींचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जाहिरात देणाऱ्यांना आलेल्या पत्रांपैकी त्यांनी कोणती विचारात घेतली, हे या अभ्यासात तपासले आहे. स्वजातीचा वर मिळावा यासाठी मुलीकडची मंडळी शिक्षणाच्या बाबतीत फार मोठी तडजोड करायला तयार होती. ही तडजोड अशिक्षित आणि पदव्युत्तर वर यांच्यातील फरकाएवढी होती. मात्र याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष असा, की जातीचा आग्रह सुटला तरी शिक्षण वा रूप यांच्या जोड्या आजच्यासारख्याच जुळतील, कारण तशा गुणांची माणसे प्रत्येक जातीत उपलब्ध असतात. आग्रह धरणाऱ्याला त्याची फारशी किंमत मोजावी लागत नाही. म्हणूनच शिक्षण आणि उत्पन्न वाढले की तो आपोआप सुटेल असे गृहीत धरता येत नाही.

अमेरिकेतील ‘ओकेक्युपिड’ या जोडीदार-शोधाच्या संकेतस्थळाने २००९ मध्ये आपल्या सदस्यांविषयी काही आकडेवारी प्रसिद्ध केली. स्त्रियांनी छायाचित्रे पाहून सुमारे ८० टक्के पुरुषांना मध्यम दर्जाहून कमी ठरवले होते. पण संदेश पाठवताना त्या अशा पुरुषांनाही लिहीत होत्या. पुरुषांनी स्त्रियांना दिलेले गुण समतोल होते. मात्र त्यांचे बहुतेक संदेश सर्वांत देखण्या ठरलेल्या स्त्रियांकडेच जात होते. एका बाजूचे शब्द कठोर आणि वागणे उदार, तर दुसऱ्या बाजूचे शब्द उदार आणि वागणे काटेकोर, असे हे चित्र आहे. अपेक्षेच्या भाषेवरून निवडीचे भाकीत करणे किती अवघड असते, हे यातून दिसते.

४.४ आकड्याचा प्रभाव

याच संकेतस्थळाने २०१४ मध्ये आणखी एका प्रयोगाची माहिती दिली. ज्यांची अनुरूपता ३० टक्के निघाली होती अशा काही जोड्यांना मुद्दाम ‘९० टक्के’ असा आकडा दाखवण्यात आला. त्यांच्यातील संवाद पुढे सरकण्याचे प्रमाण वाढले. सदस्यांना न सांगता केलेल्या या प्रयोगावर टीका झाली आणि ती रास्तही होती. पण त्यातून आकडा स्वतःच आकर्षण निर्माण करतो हे दिसून आले.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. पत्रिका जुळवताना ३६ पैकी १८ गुण जमले की बोलणी पुढे जातात. येथे ‘गुण’ या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत मिसळतात : परीक्षेतील गुण आणि स्वभावातील गुण. एरवी भांडणाला ‘छत्तीसचा आकडा’ म्हणणारी आपली भाषा पत्रिकेत मात्र छत्तीसलाच पूर्ण जुळणी मानते.

४.५ रकान्याबाहेरचे

संकेतस्थळावर माणूस रकान्यांतून दिसतो. कर्जत आणि खोपोली मुंबईच्या उपनगरी रेल्वेने जोडलेली आहेत. परंतु जिल्ह्याच्या रकान्यात येथील तरुण ‘रायगड’मध्ये मोडतो. ‘मुंबई’ हा निकष लावणाऱ्या मुलीला तो दिसतच नाही. तिने त्याला नाकारलेले नसते. तिच्यापर्यंत तो पोहोचलेलाच नसतो. उलट वाडीवर, पाड्यावर नात्यागोत्यांतून ठरणारी लग्ने कोणत्याही संकेतस्थळाच्या विदेत येत नाहीत. त्यामुळे अशा विदेवरून ‘मराठी माणसाला काय आवडते’ असा सरसकट निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

रकाने माणसेच तयार करतात. ती ते बदलूही शकतात. ‘शादी डॉट कॉम’ने जून २०२० मध्ये वापरकर्त्यांच्या आक्षेपानंतर त्वचेच्या वर्णाचा निकष काढून टाकला. रकाना गेल्याने आवड लगेच बदलते असे नाही. पण सावळ्या मुलीची माहिती उघडण्यापूर्वीच वगळली जाण्याचा एक मार्ग तरी बंद होतो.

४.६ सारांश

अपेक्षांची यादी हे समाजाला उद्देशून केलेले विधान असते. त्यात स्वतःच्या इच्छेबरोबर घराची प्रतिष्ठा आणि लोकांची भीतीही बोलत असते. निवड ही कृती आहे आणि तीही उपलब्ध रकान्यांच्या आतच घडते. म्हणून आलेल्या नकाराला किंवा न आलेल्या उत्तराला कोणत्याही व्यक्तीचे मूल्यमापन समजू नये. आपल्या घरात कोणी अशा उत्तराची वाट पाहत असेल, तर या पाठातील एवढी एक गोष्ट तिला जरूर सांगावी.

४.७ स्वाध्याय

१. आपल्या परिसरातील वर्तमानपत्रांतून पाच विवाहविषयक जाहिराती जमवा. त्यांतील नावे व संपर्क वगळून ‘चालेल’, ‘हवी’, ‘अट नाही’ या प्रयोगांचे सूचितार्थ लिहा.
२. मध्यस्थ तोंडी सांगतो पण संकेतस्थळाच्या रकान्यात मावत नाही, अशा माहितीची तीन उदाहरणे द्या.
३. ‘सांगितलेली अपेक्षा आणि प्रत्यक्ष निवड’ या विषयावर १५० शब्दांत टीप लिहा.