मासवडी, डोसा, पास्ता, रोहू: चौघांचं जेवण येडगावात कितीला पडतं?

येडगाव-नारायणगाव पट्ट्यात पाहुण्यांपुढे मासवडीचं ताट ठेवताना घरची बाई म्हणते, "काही विशेष नाही, घरचंच केलंय." खर्च मांडला की कळतं, हे घरचंच चांगलं महाग पडतं. उलट ज्याला आपण बाहेरचं म्हणतो, तो डोसा किंवा पास्ता निम्म्या पैशांत होतो. खालचे भाव किराण्याच्या दुकानातले ढोबळ धरले आहेत. तुमच्या दुकानाची चिठ्ठी समोर ठेवून आकडे बदला.

मासवडीला पाव किलो बेसन लागतं, 25-30 रुपये. पैसा जातो तो सारणात. 100 ग्रॅम सुकं खोबरं 35-40 रुपये, 20 ग्रॅम खसखस 30-40, मूठभर तीळ 12, अर्धा किलो कांदा 15, लसूण-कोथिंबीर 20. तेल आणि काळा मसाला मिळून 35, बाजरीच्या भाकरी 20. बेरीज दोनशेच्या आसपास, आणि तिच्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग एकट्या खोबऱ्या-खसखशीचा. खसखस निम्मी करून तीळ वाढवले तर चव बिघडत नाही. खोबऱ्यात मात्र हात आखडू नका, रश्श्याचं वाटणही त्याच्यावरच उभं असतं. बेसन घट्ट शिजलं की गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापा, सारण पसरा आणि फडक्यासकट गुंडाळी करून तिला दाबून माशासारखा आकार द्या. थापायला उशीर झाला की कडा चिरतात, सारण रश्श्यात उतरतं आणि महागाचा माल वाया जातो.

डोसा-सांबार स्वस्त. 300 ग्रॅम तांदूळ, 100 ग्रॅम उडीद डाळ आणि सांबाराला 100 ग्रॅम तूरडाळ मिळून चाळीसेक रुपये. भाजी, चिंच, तेल, मसाला धरून 85-90. इथे गॅस मोजायला विसरू नका. मोठी शेगडी तासाला दीडशे ते दोनशे ग्रॅम गॅस खाते. 14.2 किलोचं सिलिंडर नऊशेच्या घरात धरलं तर तासाला 10-12 रुपये झाले, आणि चौघांचे डोसे घालायला तास जातोच. थंडीत पीठ आंबत नसेल तर सोडा घालू नका. भांडं कोमट पाण्याच्या पातेल्यात रात्रभर झाकून ठेवा.

पास्त्याचं सगळं गणित टोमॅटोवर आहे, आणि नारायणगावच्या बाजाराइतका टोमॅटोचा चढउतार कुठे पाहायला मिळणार! जुलै 2023 मध्ये इथे 20 किलोच्या क्रेटला दोन हजारांवर भाव गेला, म्हणजे किलोला शंभराच्या वर. आवक वाढली की तोच क्रेट शे-दीडशेला सुटतो. किलो टोमॅटो 20 रुपयांना, पाव किलो पास्ता 50 ला, लसूण-तेल 20 चं धरलं तर चौघांचं नव्वदात भागतं. 100 ग्रॅम चीज घातलं की वर 50-60. भाव पडला असेल तेव्हा तीन घरांनी मिळून क्रेट घ्यावा. टोमॅटो चिरून चाळणीत निथळत ठेवा, पाणी साराला वापरा आणि गर आटवून डब्यांत भरून फ्रीजरला ठेवा. आधी निथळल्यामुळे आटवायला गॅस पुष्कळ कमी लागतो.

येडगाव धरणाकाठी रोहू मिळाला तर एकदा बंगाली पद्धतीने करून पाहा. किलोला 180-200 धरा, पण वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं हे आधी विचारा. अख्ख्या किलोतून हाती साधारण 650-700 ग्रॅम तुकडे येतात. डोकं टाकू नका, बंगाली घरांत ते मुगाच्या डाळीत शिजवतात. तुमचंही दुसऱ्या दिवसाचं कालवण तिथेच सुटतं. रश्श्याची मोहरी वाटताना हिरवी मिरची आणि मीठ सोबत घ्या, नाहीतर वाटण कडू होतं. सगळं धरून 230-240. मोहरीचं तेल पहिल्यांदा लिटरभर आणू नका, छोटी बाटली पुरे. घरात तो वास कुणाला आवडला नाही, तर उरलेलं तेल कैरीच्या लोणच्याला वापरता येतं.