'झालंय'मधला 'य' आणि इंग्रजीतला 'हॅव'



पाचवी-सहावीच्या इंग्रजीच्या वह्या तपासताना एक वाक्य हमखास भेटतं: 'माय अंकल हॅज कम यस्टरडे.' आपण लाल रेघ मारतो, वर 'केम' लिहितो आणि पुढची वही घेतो. मूल मात्र गोंधळतं. कारण त्याच्या मनातलं मराठी वाक्य अगदी बरोबर होतं, 'मामा काल आले आहेत.' काल आले आणि अजून घरीच आहेत. मराठीत 'काल' आणि 'आहेत' एका वाक्यात सुखाने नांदतात. इंग्रजीत संपलेली वेळ सांगितली की साधा भूतकाळच लागतो.

यावर बरेच जण सांगतात, 'मराठीतून विचार करू नकोस, इंग्रजीतून कर.' दहा वर्षांचं मूल इंग्रजीतला विचार आणणार कुठून? मला तर वाटतं, प्रेझेंट परफेक्ट शिकवायला मराठीच सगळ्यात जास्त कामाला येते.

मुलं वर्गात कशी बोलतात ते ऐका. 'टीचर, माझं झालंय.' 'यानं माझी पेन्सिल घेतलीये.' 'तो घरी गेलाय.' शेवटचा तो 'य' म्हणजे आखडलेलं 'आहे'. 'पेन्सिल हरवली' आणि 'पेन्सिल हरवलीये' यातला फरक मुलांना विचारून बघा. दुसऱ्या वाक्यातली पेन्सिल अजून सापडलेली नाही, हे ती लगेच सांगतात. प्रेझेंट परफेक्टचा गाभा हाच, घडून गेलेल्या गोष्टीचा आजशी संबंध. म्हणून फळ्यावर लिहा: 'य' ऐकू आला की हॅव किंवा हॅज. आणि त्याखाली लगेच: 'काल', 'परवा', 'गेल्या वर्षी' किंवा साल आलं की 'य' सोडून द्या.

आपल्या नाशिकचं उदाहरण घ्या. आई म्हणते, 'मी कुंभमेळा पाहिलाय.' आय हॅव सीन द कुंभमेळा. कधी पाहिलास? '२०१५ ला.' आता आय सॉ इट इन २०१५.

नकारात मात्र ही युक्ती फसते. 'केलाय'चा नकार बोलताना बहुतेक वेळा 'केला नाही' असाच होतो, 'य' गायबच. तिथे 'अजून' शोधायचं. 'अजून गृहपाठ केला नाही' म्हणजे आय हॅव नॉट डन माय होमवर्क येट. 'काल केला नाही' म्हणजे आय डिड नॉट डू इट यस्टरडे.

आणखी एक गंमत. 'त्याने चार पेरू खाल्ले आहेत' याचं मूल 'ही हॅव ईटन' करतं. मराठीत 'आहेत' हे पेरूंच्या मागे जातं, खाणाऱ्याच्या नाही! इंग्रजीत खाणारा कोण ते बघायचं, म्हणून ही हॅज. हे एकदा सांगितलं की मुलं हसतात आणि सहसा विसरत नाहीत.

सगळ्यात चिवट चूक 'पासून'ची. 'आम्ही पाच वर्षांपासून नाशिकला राहतो' याचं 'वी आर लिव्हिंग इन नाशिक सिन्स फाइव्ह इयर्स' होतं, आणि मोठी माणसंही असंच बोलतात. मराठीत इथे साधा वर्तमानकाळ चालतो, शिवाय 'सोमवारपासून' आणि 'दोन तासांपासून' दोन्हीला एकच 'पासून'. इंग्रजीत वी हॅव लिव्हड इन नाशिक फॉर फाइव्ह इयर्स. किती काळ ते सांगताना फॉर, कुठून सुरुवात ते सांगताना सिन्स.

हे फक्त आपल्याच मुलांचं आहे असं समजू नका. इटालियन माणूसही 'काल मी खाल्लं आहे' या घडणीचं वाक्य त्याच्या भाषेत बिनचूक बोलतो, आणि 'पासून'साठी त्याच्याकडेही 'दा' हा एकच शब्द आहे. त्यामुळे इंग्रजी शिकताना तो नेमका इथेच अडखळतो. म्हणजे मूल कच्चं नाही, दोन भाषांची घडण वेगळी आहे. पालकांनी एवढं जरी लक्षात घेतलं तरी घरी ओरडा कमी बसेल.

आता राहिलं गॉन आणि बीन. यालाही मराठीत तयार जोडी आहे. 'पप्पा वणीला गेलेत', अजून परतले नाहीत, हॅज गॉन. 'पप्पा वणीला जाऊन आलेत', हॅज बीन. उद्या वर्गात मुलांना विचारा, त्र्यंबकेश्वरला कोण कोण जाऊन आलंय, आणि प्रत्येकाकडून एक वाक्य 'आय हॅव बीन'ने म्हणून घ्या.