आपल्या नावावर लक्ष ठेव

नोएडा

चि. मृण्मयी,

ज्या अ‍ॅपला तू पॅन आणि आधारची प्रत दिली होतीस, तिथली माहिती फुटल्याचे कळले. तू लगेच पासवर्ड बदललास हे चांगले केलेस, पण तेवढ्याने भागत नाही. पासवर्ड बदलता येतो. जन्मतारीख बदलत नाही आणि पॅन क्रमांक जन्मभर तोच राहतो. बाहेर गेलेली ही माहिती आता परत येणार नाही. म्हणून तिच्यामागे धावण्यापेक्षा आपल्या नावावर कुठे काय नोंदले जात आहे, हे स्वतः वेळोवेळी तपासण्याची सवय लाव.

'माझ्याकडे चोरण्यासारखे आहे काय?' असे तुला वाटेल. इथे नोएडातच २०२३च्या जूनमध्ये पोलिसांनी उघडकीस आणलेले प्रकरण त्याचे उत्तर देते. आपल्या पॅनवर पंजाबात आणि महाराष्ट्रात परस्पर फर्म काढल्याची तक्रार एका पत्रकाराने केली. तपासात २,६६० बनावट फर्म निघाल्या आणि टोळीकडे सुमारे ६ लाख ३५ हजार लोकांच्या पॅनची माहिती सापडली. खोटा भाडेकरार आणि खोटे वीजबिल जोडून जीएसटी नोंदणी करायची, मालाची देवघेव न करताच बिले फाडायची आणि इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवरील कराची वजावट, लाटायचे, असा तो धंदा होता. त्यांना कुणाच्या बचतीशी कर्तव्य नव्हते, त्यांना हवी होती खरी नावे. ज्याचे नाव वापरले त्याच्या खात्यातून रुपयाही जात नाही, म्हणून करखात्याची नोटीस येईपर्यंत त्याला पत्ताच लागत नाही. बँकेच्या एसएमएसवर विसंबून राहणे म्हणूनच अपुरे आहे.

तपासायचे कुठे, तेही सांगते. जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता पॅनवरून नोंदण्या शोधता येतात. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर आपल्या नावाची सिमकार्डे दिसतात; अनोळखी क्रमांक आढळला तर तिथेच कळव. सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही पतमाहिती संस्थांनी वर्षातून एकदा कर्जाच्या नोंदींचा पूर्ण अहवाल फुकट द्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चारही एकदम मागवू नकोस. दर तीन महिन्यांनी एक मागव, म्हणजे वर्षभर नजर राहील. न घेतलेले कर्ज दिसले तर लेखी हरकत घे. आधारचे बोटांचे ठसे आज लॉक करून टाक. गरजेपुरते उघडता येतात.

'चूक कंपनीची, मग राखण मी का करायची?' हा तुझा आक्षेप रास्त आहे. जबाबदारी कंपनीचीच आहे आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हयगयीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण तो दंड सरकारी तिजोरीत जमा होतो. तुझ्या नावावरचे खोटे कर्ज त्याने पुसले जात नाही. ओळख चोरणाऱ्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण त्यासाठी आधी गुन्हा कुणाच्या तरी लक्षात यायला हवा. तुझ्या नावावरची कुठली नोंद खरी आणि कुठली खोटी, हे ओळखू शकणारी तू एकटीच आहेस. म्हणून हे काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही.

याने भिऊन जगावे असे मी म्हणत नाही. तीन महिन्यांतून अर्धा तास एवढेच हे काम आहे. खात्यातून पैसे गेले तर मात्र क्षणभर थांबू नकोस: आधी १९३० या सायबर मदतक्रमांकावर फोन, मग बँकेला लेखी कळवणे. माहिती तिसऱ्याकडून फुटली असेल आणि तू तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलेस, तर रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार नुकसान तुझ्यावर येत नाही. माहिती फुटल्याचा कंपनीचा ईमेल आणि प्रत्येक तक्रारीचा क्रमांक तारखेसह जपून ठेव. उद्या एखादी नोटीस आलीच, तर तू वेळीच कळवले होतेस हे दाखवायला तेच कागद कामी येतील.

तुझी,
आत्या