मशेरी म्हणजे तंबाखू नव्हे?

प्रश्न : आमची आई तंबाखू खात नाही. सकाळ-संध्याकाळ फक्त मशेरी लावते, जेवणानंतर साधी सुपारी. तुटक्या दाताचं टोक लागून तिच्या जिभेच्या कडेला जखम झाली आहे. ती म्हणते, ‘कॅन्सर झालाच तर दातामुळे होईल, मशेरीने नाही.’ खरं काय?
– एक वाचक, आचरा (ता. मालवण)

उत्तर : आईंसारखा समज आपल्या किनारपट्टीवर घरोघरी आहे. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून चुरलेली तंबाखूच. भाजल्याने तिचं नाव बदलतं, गुण बदलत नाही. कर्करोगकारक द्रव्यं तंबाखू सुकवताना, मुरवतानाच तयार होतात आणि हिरडीवर चोळली की थेट तिथल्या नाजूक त्वचेत मुरतात. ‘लावली नाही तर पोट साफ होत नाही, डोकं चढतं’ असं बायका सांगतात ना, ती निकोटीनची तलफ. दात बळकट होण्याशी तिचा काही संबंध नाही.

आता सुपारी. दोडामार्ग-सावंतवाडीकडची, घरच्या बागेतली, म्हणून ती निर्धोक वाटते. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली नुसती सुपारीही, तंबाखूविना, कर्करोगकारक ठरवली. तिच्यातल्या अरेकोलीनमुळे गालाचं अस्तर आतून कडक होत जातं. आधी माशाचं तिखट सार तोंडात घेताच आग होते, मग तोंड उघडेनासं होतं. आईंना त्यांची स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील, तर हे दुखणं सुरू झालं असण्याची शक्यता आहे.

दाताचं टोक अगदी निर्दोष नाही. सतत घासणारा दात, सैल कवळी, अस्वच्छ तोंड यांचा कर्करोगाशी संबंध आढळतो, पण तंबाखू, सुपारी आणि दारू यांच्यापेक्षा तो पुष्कळ कमी. शिवाय मशेरी लावणाऱ्यांचे दात बहुधा खराबच असतात, त्यामुळे दोष नेमका कुणाचा हे वेगळं काढणं अवघड जातं.

दंतवैद्याकडून ते टोक घासून घ्या, मशेरी-सुपारी त्याच दिवशी बंद करा. मग जखम दोन आठवड्यांत भरायला हवी. नाही भरली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका, तपासून घ्या. सुरुवातीचा कर्करोग बऱ्याचदा दुखतच नाही. जखमेचा तुकडा काढून तपासल्याने रोग पसरतो, हीदेखील खोटी भीती आहे. जखम आधीच दोन आठवड्यांहून जुनी असेल, तर वाट पाहू नका. आईंना याच आठवड्यात ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात घेऊन जा.