जुना लॅपटॉप सुधारावा की रिफर्बिश्ड घ्यावा?

प्रश्न : टॉवेल कारखान्याचे टॅलीतले हिशेब २०१६ च्या लॅपटॉपवर चालतात. तो फार रखडतो. काय करू? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवा, रॅम ८ जीबी करा, वेग लगेच जाणवेल. सोलापुरी उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे पंख्यातली धूळही काढून घ्या. मात्र विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इतक्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. टॅली विंडोजसाठीच असल्याने हिशेबाला रिफर्बिश्ड घ्या : इंटेल आठवी पिढी किंवा पुढची. दुकानातच चार्जर काढून बॅटरी तपासा, बायोसला पासवर्ड नाही ना पाहा. जीएसटी बिल आणि लेखी वॉरंटीशिवाय पैसे देऊ नका. जुना लॅपटॉप मुलांच्या अभ्यासाला लिनक्स टाकून वापरा.