पऱ्हाटीचा जाळ आणि शेगडीतले इंगळ
(इयत्ता ४ थी)

दिवाळी झाली की आपल्या वऱ्हाडात हिव पडते. मेळघाटात जंगल आहे, तिथे लाकूड मिळते. आपल्याकडे इंधन शेतातून येते. कापूस वेचून झाला की पऱ्हाटी उपटतात आणि बैलगाडीने घरी आणून ढीग लावतात. तूर झोडली की तुराट्या मिळतात. आमच्या घरी गॅस आहे, पण सिलिंडर महाग, म्हणून तो चहापुरता. पाणी तापवायला अन् शेकायला पऱ्हाटीच लागते.

पऱ्हाटी बारीक असते. तिला चहूकडून हवा लागते, म्हणून भर्रकन पेटते आणि लवकर विझते. बाभळीचे लाकूड जड, ते हळूहळू जळते. त्याचे इंगळ (म्हणजे निखारे) खूप वेळ राहतात. म्हणून आजी आधी पऱ्हाटी पेटवते, मग वर बाभूळ ठेवते. ओले लाकूड नुसता धूर करते, कारण आधी त्यातले पाणी आटावे लागते.

पऱ्हाटीवर सुकलेली बोंडे राहतात. त्यात गुलाबी बोंडअळी लपून बसते. २०१७ साली तिने विदर्भात कापसाचे फार नुकसान केले. म्हणून पऱ्हाटी साठवू नका असे कृषी खात्याचे लोक सांगतात. बाबा म्हणतात, मग जाळावं काय?

आता महत्त्वाचे. बाळंतिणीच्या बाजेखाली इंगळाची शेगडी ठेवतात. माझ्या काकूला बाळ झाले तेव्हा आजीने खिडकी लावली. म्हणे, "उघडी ठेवली तर बाळाले वारं लागीन ना!" पण बंद खोलीत इंगळातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. धूर डोळ्याला झोंबतो, या वायूला ना रंग ना वास. आपल्या रक्ताला तो प्राणवायूपेक्षा २०० पटीहून जास्त चिकटतो, मग अंगाला प्राणवायू मिळत नाही. झोपलेल्या माणसाला तर कळतच नाही. धूर गेला म्हणजे धोका गेला असे नाही.

बाबांनी आजीला हे समजावले. आता शेक देताना वरची खिडकी आणि दार उघडे असते, बाळाला दुपट्यात गुंडाळतात. शेक झाला की शेगडी अंगणात. निजताना खोलीत ठेवत नाही. आजी अजून कुरकुर करते, पण शेगडी स्वतःच उचलते.

खोलीत शेगडी असताना कोणाचे डोके दुखले, गरगरले, ओकारी आली, तर त्याला लगेच बाहेर मोकळ्या हवेत न्यावे आणि दवाखान्यात दाखवावे.