फी भरली, मेस राहिली

२०२२च्या नोव्हेंबरमध्ये बीड जिल्ह्यातला एक मुलगा पुण्यातल्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात दाखल झाला. बारावीला उत्तम गुण, सीईटीलाही चांगले, आईवडील ऊसतोड कामगार. कॉलेज सुरू झालं त्याच आठवड्यात ते दोघं मुकादमाच्या ट्रॅक्टरमधून कारखान्याकडे निघून गेले. मुलाच्या पहिल्या वर्षाची फी पुण्यातल्या एका निवृत्त बँक कर्मचारी बाईंनी एकरकमी भरली होती. पावती फाइलला लावली आणि बाई निश्चिंत झाल्या.

त्या बाई म्हणजे मी. त्या मुलाचं वर्ष वाया गेलं, आणि का गेलं हे कळायला मला जवळपास दीड वर्ष लागलं.

मुलगा कॉलेजजवळ कॉट बेसिसवर राहत होता. खोलीचं डिपॉझिट गावाकडून उसनं आणलेलं. मेसचे महिन्याला तीन हजार दोनशे रुपये होते. नोव्हेंबर, डिसेंबर कसेबसे निघाले. जानेवारीत त्याने संध्याकाळचा डबा बंद केला. फेब्रुवारीत एका कुरियरच्या गोदामात रात्री दहा ते पहाटे चार माल चढवण्याचं काम धरलं. सकाळच्या तासाला झोप, दुपारच्या प्रॅक्टिकलला दांडी. मॅथ्स, ग्राफिक्स, मेकॅनिक्स, एकेक विषय मागे पडत गेला आणि शेवटी ‘वायडी’ लागली. पुण्याच्या पोरांच्या भाषेत इयर डाऊन, म्हणजे पुढच्या वर्षात प्रवेश नाही. या सगळ्या काळात मी त्याला तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा एकच विचारलं, ‘अभ्यास कसा चाललाय?’ तिन्ही वेळा उत्तर आलं, ‘चांगला चाललाय, मॅडम.’ जेवलास का, हे मी एकदाही विचारलं नाही.

निकाल कळल्यावर मी जे बोलले ते इथे लिहायला जड जातं, पण लिहिलं पाहिजे. ‘एवढे पैसे घातले ते यासाठी का?’ असं मी म्हणाले. तो ‘चुकलं, मॅडम’ म्हणाला आणि त्यानंतर त्याने माझा फोन कधी उचलला नाही.

२०२४च्या एप्रिलमध्ये, ऊसतोडीचा हंगाम संपून माणसं गावी परतल्यावर, मी त्याच्या घरी गेले. वडिलांनी ओसरीत सतरंजी टाकली, पाणी दिलं आणि मी काही बोलण्याआधीच हात जोडून म्हणाले, ‘बाई, पुढच्या सीझनला फेडतो.’

हे वाक्य कळायला ऊसतोडीचा व्यवहार ठाऊक असावा लागतो. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादम त्या कोयत्याला उचल देतो, आणि तोडलेल्या उसाच्या मजुरीतून ती फिटत जाते. पाऊस, आजारपण, बाळंतपण, कशानेही काम कमी झालं की उरलेली रक्कम अंगावर राहते आणि पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडे जावं लागतं. बाहेरच्या माणसाकडून आगाऊ आलेल्या पैशाचा त्या घराला ठाऊक असलेला अर्थ हा एवढाच. मी भरलेली फी त्यांनी उचल म्हणूनच धरली होती. अंगावर आधीच एवढी रक्कम असताना आणखी मेसचे पैसे मागायचे कसे, म्हणून मुलगा गप्प राहिला. माझ्या त्या एका वाक्याने त्याची समजूत खरीच ठरली.

महाराष्ट्रात गरिबाच्या मुलाला शिकवण्याची जी जुनी रीत होती, तिची सुरुवात जेवणापासून व्हायची. माधुकरी मागणारी, वार लावून जेवणारी मुलं याच पुण्यात शिकली. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार लागले की मगच पुस्तक उघडायचं. त्या रिवाजाला जातीचं कुंपण होतं, मिंधेपणाही होता, त्याचे गोडवे गाण्याचं कारण नाही. ते कुंपण मोडण्याचं मोठं काम वसतिगृहांनी केलं. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात १९०१पासून एकापाठोपाठ एक बोर्डिंगं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारं वसतिगृह काढलं. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. अच्युतराव आपटे यांनी १९५५मध्ये पुण्यात सुरू केलेल्या विद्यार्थी सहायक समितीचा पायाही राहण्याजेवणाची सोय हाच होता. या माणसांना जे ठाऊक होतं ते मी चेक लिहिताना विसरले.

पैसा पुरेसा असूनही मदत अपुरी कशी पडते, याचं सर्वांत बोलकं उदाहरण बडोद्याचं आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१३मध्ये तरुण भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकण्यासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. सप्टेंबर १९१७मध्ये ते करार पाळायला बडोद्यात आले, तेव्हा शहरात त्यांना घर मिळेना. पारशी म्हणून नाव नोंदवून ते एका पारशी सरायत राहिले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून निघायला लावलं. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकत. महाराजांची दानत मोठी होती, त्याबद्दल शंकाच नाही. पण शिष्यवृत्तीबरोबर छप्पर आलं नाही आणि कराराचा काच मात्र आला. पुढे १९२०मध्ये लंडनचं अर्धवट शिक्षण पुरं करायला निघताना त्यांच्याजवळ स्वतःची बचत होती, शाहू महाराजांची मदत होती, आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेलं पाच हजार रुपयांचं कर्ज होतं.

आता माझ्या चुकीची दुसरी बाजू. मी भरलेल्या फीचा मोठा भाग भरण्याची गरजच नव्हती. मुलाचा प्रवेश ‘कॅप’मधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, झाला होता आणि त्याच्या प्रवर्गाला शिक्षण शुल्काची शासकीय सवलत होती. तहसीलदारांकडचा उत्पन्नाचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र जोडून महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर वेळेत अर्ज करायचा होता. तो कुणी केला नाही, कारण दाखल्यासाठी तहसीलला खेटे घालणारी माणसं उसाच्या फडात होती. मी चार वेळा फोन फिरवले असते, एकदा बीडला गेले असते, तर तेच पैसे त्याला चारही वर्षं जेवायला पुरले असते.

म्हणून, कुणाच्या शिक्षणाचा भार घ्यायचं मनात असेल तर खिशात हात घालण्याआधी सरकारकडून काय मिळतं ते नीट पाहा. आर्थिक दुर्बल घटकांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहाच्या खर्चासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार योजना, आदिवासी मुलांसाठी स्वयम योजना आहे. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी कुटुंबांतल्या मुलींना २०२४पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. प्रत्येक योजनेच्या अटी वेगळ्या आहेत आणि त्या बदलतात, त्यामुळे प्रवेशाच्या वेळी कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात स्वतः जाऊन विचारावं. अडचण अशी की हे पैसे बहुधा उशिरा येतात. वर्ष सरत येतं तरी खात्यात काही जमा नसतं. दात्याचा रुपया त्या मधल्या काळात लाख मोलाचा असतो.

दुसरं, मुलाबरोबर बसून वर्षाचा खर्च कागदावर मांडा. डिपॉझिट, मेस, दिवाळीत मेस बंद असते तेव्हाचं जेवण, एसटीचं भाडं, परीक्षेचा फॉर्म, ड्रॉइंगचं साहित्य, मोबाइलचा रिचार्ज, चष्मा. तो आकडे कमी करून सांगेल, तेव्हा पुन्हा विचारा. राहण्याजेवणाचे पैसे दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला त्याच्या बँक खात्यात आपणहून जाऊ द्या. मागायला लावू नका. आणि एका वर्षाची ऐपत असेल तर चार वर्षांचा शब्द देऊ नका. दोन-तीन घरं मिळून एका मुलाची जबाबदारी घेता येते.

नापास होण्याविषयी आधीच बोला. मी आता पहिल्याच भेटीत सांगते की केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर ते मला तुझ्याकडूनच कळू दे, पैसे थांबणार नाहीत. सत्कार, फोटो, आभाराचं पत्र यांतलं काही मागू नका. शाखा कोणती घ्यायची, नोकरी कुठे धरायची, हे त्याला ठरवू द्या.

एकट्याने हे सांभाळणं अवघड वाटत असेल तर संस्थेमार्फत करा. ठाण्याचं विद्यादान सहायक मंडळ विद्यार्थ्यामागे पालकासारखा कार्यकर्ता उभा करतं. पुण्याचं लीला पूनावाला फाउंडेशन १९९५पासून मुलींना शिष्यवृत्तीबरोबर मार्गदर्शनही देतं. मुलगी शिकत असेल तर संस्था आणि तिचे आईवडील यांना सांगूनच संपर्क ठेवावा, हे मी आग्रहाने सांगेन. थेट मुलाच्या खात्यात दिलेल्या पैशाला देणगीची आयकर सवलत मिळत नाही. ती मान्यताप्राप्त संस्थेला दिलेल्या देणगीपुरतीच असते, त्यामुळे पावती घ्या. आणि अनोळखी फोनवरून मदतीची हाक आली तर कॉलेजचं बोनाफाइड पाहिल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

तो मुलगा आता तालुक्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकतो. त्याच्या वडिलांना मी त्या दिवशी ओसरीतच सांगितलं की ही उचल नाही, काही फेडायचं नाही. त्यांना ते पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. मुलाने त्यानंतर एकदा स्वतःहून फोन केला, टूलकिट कुठली घ्यावी हे विचारायला.

जूनमध्ये फीसाठी पुष्कळांचे हात पुढे होतात. तुम्ही जानेवारीत एक फोन करा आणि मेसचं विचारा.